आवर घालणाऱ्या पेशी : टी पेशींमधील जनुक-नियमनाच्या अभ्यासाला प्रस्तावना

कुष्ठरोगाच्या दवाखान्यात काम केलेल्या डॉक्टरांना एक गोष्ट पहिल्या काही महिन्यांतच कळून चुकते. जंतू एकच असला तरी रोगी एकसारखे नसतात. एकाच्या दंडावर रुपयाएवढा, कडा स्पष्ट असलेला फिकट चट्टा असतो. त्यावरून कापसाची वात फिरवली तर त्याला काही कळत नाही, आणि चट्ट्यातून काढलेल्या त्वचेच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही जंतू सापडत नाहीत. दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या जाड झालेल्या असतात, भुवयांचे केस गळलेले, चेहऱ्यावर गाठी. त्याच्या पाळीला छोटीशी चीर देऊन काचपट्टीवर घेतलेला द्राव रंगवला की लाल काड्यांचे जुडगेच्या जुडगे दिसतात. हान्सेनने १८७३ मध्ये नॉर्वेत ओळखलेला तोच हा जंतू. रिडले आणि जॉप्लिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांच्या मधली सारी रूपे एका क्रमात लावली, तेव्हा त्या क्रमाचा आधार जंतूचा प्रकार हा नव्हता. रोग्याचे शरीर जंतूला कशा तऱ्हेने तोंड देते, हा होता.

या दोघांपैकी प्रतिकारशक्ती कोणाची चांगली? घाईने उत्तर द्यायचे तर पहिल्याची, कारण त्याने जंतू जवळजवळ निपटून काढले आहेत. पण त्याच्या चट्ट्याची बधिरता बऱ्याच अंशी त्याच्याच टी पेशींनी आणलेली असते. जंतू त्वचेतल्या मज्जातंतूंत दडून बसतो, आणि त्याच्यावर तुटून पडताना टी पेशी मज्जातंतूही कामातून घालवतात. दुसऱ्याच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात, पण जंतू पेशींच्या आत राहतो आणि तिथे प्रतिपिंडांची मात्रा चालत नाही. शिवाय औषधे सुरू होऊन जंतू मरू लागल्यावरही काही रोग्यांमध्ये प्रतिक्रिया एकाएकी उफाळते. जुने चट्टे लाल होऊन सुजतात, कोपरामागची नस जाड आणि दुखरी होते, आणि वेळीच प्रेडनिसोलोन मिळाले नाही तर बोटे कायमची वाकतात. हे पाहिल्यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा जाहिरातींचा लाडका उपदेश जरा भाबडा वाटू लागतो. वाढवायची ती कोणत्या तऱ्हेची, शरीरात कुठे, आणि कधीपर्यंत?

या प्रश्नांची उत्तरे टी पेशीच्या केंद्रकात शोधणारा अभ्यास हा पुढील प्रकरणांचा विषय आहे. तो अवघड आहे असे ऐकून तुम्ही बिचकला असाल तर त्यात तुमची चूक नाही. अक्षरे आणि आकडे यांच्या जोडनावांनी भरलेली इथली भाषा नवख्याला सहज आत घेत नाही. पण ती नावे बाजूला सारली तर आत एक सरळ आणि मोठा विचार आहे, आणि तो मराठी वाचकांसमोर यावा ही या लेखनामागची इच्छा. विचार असा : प्रतिकार थांबणे म्हणजे पेशी दमल्या किंवा शत्रू संपला, एवढेच नव्हे. थांबवणे हे शरीराने स्वतंत्रपणे करायचे काम आहे. त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत, त्या पेशी घडवणारे वेगळे जनुक आहे, आणि ते जनुक कधी उघडायचे, किती काळ उघडे ठेवायचे, याची व्यवस्थाही डीएनएमध्येच आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी पाहू. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून पाहिली आणि तिच्यावाचून प्रतिकार उभाच राहत नाही हे दाखवून दिले. टी पेशींच्या नावातला ‘टी’ तिथलाच. प्रत्येक टी पेशी आपल्या ग्राही प्रथिनाची जनुके कापून, जोडून स्वतःपुरती घडवून घेते. तेवढा फरक सोडला तर तिच्यात यकृताच्या किंवा त्वचेच्या पेशीत असतो तोच डीएनए असतो, उलगडला तर सुमारे दोन मीटर लांब, सुमारे वीस हजार प्रथिनांच्या जनुकांसह. मग एक टी पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडून भक्षक पेशींना चेतवते आणि दुसरी इंटरल्यूकिन-४ सोडून प्रतिपिंडांकडे वळवते, हे कसे? डीएनएच्या धाग्याचा कोणता भाग प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला आहे आणि कोणता सैल, सैल भागावर कोणती नियामक प्रथिने येऊन बसली आहेत, यावर ते ठरते. जनुक-नियमन म्हणतात ते हेच.

मॉसमन आणि कॉफमन यांनी १९८६ मध्ये उंदराच्या मदतनीस टी पेशींचे दोन गट वेगळे केले, टीएच१ आणि टीएच२. पुढे कळले की टीएच२ घडवण्यात गाटा३ या नियामक प्रथिनाचा हात मुख्य असतो, तर टीएच१ घडवण्यात टी-बेटचा. टी-बेट २००० साली लॉरी ग्लिमचर यांच्या प्रयोगशाळेत सापडले. टीएच२ होऊ घातलेल्या पेशीत ते घातले, तर तीच पेशी गॅमा इंटरफेरॉन बनवू लागते, हे तिथेच दिसले. ही दोन प्रथिने नुसती आपापली जनुके चालू करत नाहीत, एकमेकांना दाबतातही. म्हणून पेशी एकदा एका बाजूला झुकली की झुकतच जाते. कुष्ठरोगाच्या एका टोकाच्या चट्ट्यांत गॅमा इंटरफेरॉन आणि दुसऱ्या टोकाच्या गाठींत इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१० जास्त आढळते. त्यामुळे दवाखान्यातले निरीक्षण आणि केंद्रकातली हालचाल यांची सांगड पहिल्यांदा बसली.

इथे वाचकांनी थोडे सावध राहावे. पाठ्यपुस्तकांत या गटांचा सुबक तक्ता असतो : डावीकडे टीएच१, उजवीकडे टीएच२, मध्ये तराजू. पुढे टीएच१७ आले, बी पेशींना मदत करणाऱ्या पेशी आल्या, आणि तक्ता रुंदावत गेला. परीक्षेपुरता तो बरा. खऱ्या शरीरात पेशी या चौकटींच्या मध्ये राहतात, काही एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जातात, आणि तराजूच्या चित्राने तर मोठाच घोळ केला. दोन पारडी सारखी झाली की समतोल आला, असे ते चित्र सुचवते. टीएच१ आणि टीएच२ दोन्ही भडकलेल्या असताना त्यांना आवरणार कोण, हे त्या चित्रात कुठेच नाही. मला वाटते, या विषयाची खरी सुरुवात त्या न काढलेल्या भागापासून होते.

तो भाग दिसायला एक आजारी उंदीर लागला. अमेरिकेत टेनेसी राज्यातील ओक रिज येथे, अणुबॉम्बच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत, किरणोत्सर्गाचा आनुवंशिकतेवर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी हजारो उंदीर पाळले जात. १९४९ मध्ये त्यांतल्या एका वंशात काही नर पिल्ले खवले धरलेल्या, कोरड्या कातडीची जन्मू लागली. त्यांची प्लीहा आणि लसिकाग्रंथी फुगत, आणि तीन-चार आठवड्यांत ती मरत. हे किरणांमुळे झालेले नव्हते; उत्परिवर्तन आपोआप घडलेले होते. कातडीवरून त्या वंशाला ‘स्कर्फी’ नाव पडले. आजार फक्त नरांना होई, म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर असणार हे उघड होते. पण एवढ्या लांब गुणसूत्रात तो नेमका कुठे, हे शोधण्याची साधने त्या काळात नव्हती. वंश मात्र जपला गेला. प्रयोगशाळांच्या या चिकाटीचे मला नेहमी कौतुक वाटते. उत्तर मिळेल की नाही ठाऊक नसताना पिढ्यामागून पिढ्या पिंजरे साफ ठेवणारी माणसे शोधनिबंधांत कुठेच दिसत नाहीत.

दरम्यान दुसऱ्या टोकाने हाच प्रश्न जपानमध्ये उकलत होता. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराचे थायमस काढले तर प्रतिकार लुळा पडावा, अशी अपेक्षा. घडले उलटेच : निशिझुका आणि साकाकुरा यांना १९६९ मध्ये दिसले की अशा माद्यांची अंडाशये नष्ट होतात. शरीर स्वतःवरच उठते. शिमोन साकागुची यांनी हा धागा पकडला. निरोगी, जनुकीयदृष्ट्या तशाच उंदराच्या टी पेशी या उंदरांना टोचल्या तर ते वाचत. म्हणजे टी पेशींमध्येच काही पेशी इतरांना आवरणाऱ्या असल्या पाहिजेत, आणि त्या थायमसमधून जरा उशिराने बाहेर पडत असल्या पाहिजेत.

आज हे तर्कशुद्ध वाटते, पण तेव्हा ते बोलणे अवघड होते. येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन आणि त्यांचे सहकारी कोंडो यांनी १९७० च्या सुमारास ‘दाबणाऱ्या टी पेशी’ ही कल्पना मांडली होती आणि तिच्यावर प्रचंड काम झाले. या पेशींची खूण म्हणून आय-जे नावाचे जनुकही सांगितले गेले. १९८० च्या दशकात त्या जागेचा डीएनए प्रत्यक्ष वाचल्यावर तिथे असे जनुक नव्हतेच. मग सगळा विषयच वाळीत पडला. ‘सप्रेसर’ शब्द निबंधात असला की परीक्षकांच्या भुवया उंचावत. साकागुची तरी लागून राहिले. पेशींवर खूण हवी होती, आणि दहा वर्षांहून अधिक काळ गेल्यावर ती मिळाली. १९९५ च्या निबंधातला प्रयोग वाचकांनी मुळातून पाहावा इतका स्वच्छ आहे. टी पेशींच्या मिश्रणातून सीडी२५ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या. त्यांच्या जठराला, थायरॉइडला आणि इतर अवयवांना स्वतःच्याच पेशींचा हल्ला सोसावा लागला. काढलेल्या पेशी वेळेत परत दिल्या तर आजार टळे. मदतनीस टी पेशींपैकी साधारण पाच ते दहा टक्के पेशी या जातीच्या असतात. त्यांना नियामक टी पेशी हे नाव रूढ झाले.

दोन धागे जुळले ते २००१ नंतर. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वॉशिंग्टन राज्यातील एका जैवतंत्रज्ञान कंपनीत मेरी ब्रन्कॉव आणि फ्रेड रॅम्सडेल स्कर्फीच्या दोषाचा माग काढत होते. एक्स गुणसूत्राच्या मध्यभागातील सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत त्यांनी शोध आवळत आणला. त्या पट्ट्यात वीस जनुके होती. एकेक तपासत गेले आणि विसाव्या, शेवटच्या जनुकात दोष सापडला : दोन जादा अक्षरे घुसलेली. तेवढ्याने पुढचे सगळे वाचन सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. जनुक नवे होते. त्याला फॉक्सपी३ म्हणू लागले. त्याच वर्षी कळले की मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या आयपेक्स नावाच्या दुर्मीळ आजारातही हेच जनुक बिघडलेले असते. तान्ह्या वयात न थांबणारे जुलाब, सर्वांगावर इसब, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होऊन मधुमेह. उपचार न मिळाल्यास बहुतेक मुले लहानपणीच दगावत. मग २००३ मध्ये तीन गटांनी दाखवले की फॉक्सपी३ हेच नियामक टी पेशींचे मुख्य जनुक आहे. साध्या टी पेशीत ते घातले तर तीही इतरांना आवरू लागते. ब्रन्कॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले, ते याच कामासाठी.

आयपेक्सच्या रोग्यांच्या आयांकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. त्यांच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर दोष असतो, तरी त्या ठणठणीत असतात. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असते. म्हणजे त्यांच्या निम्म्या टी पेशी सदोष फॉक्सपी३ घेऊन वावरत असतात. तरी काही बिघडत नाही, कारण नियामक पेशी फक्त चांगले एक्स चालू असलेल्या पेशींतूनच तयार होतात आणि त्या सगळ्यांना आवरायला पुरतात. सदोष पेशी आपणहून घातक नसतात, त्यांना आवरणारे कोणी नसेल तरच त्या घातक होतात. समतोल हा एकेका पेशीचा गुण नसून त्यांच्या समुदायाचा आहे, याचा इतका नेटका पुरावा निसर्गाने स्वतःच मांडून ठेवलेला क्वचितच आढळतो. आणि हे काम लहानपणापुरते नाही. प्रौढ, निरोगी उंदरांतील नियामक पेशी मुद्दाम नष्ट केल्या तर तेही काही आठवड्यांतच स्वतःच्या प्रतिकाराने मरतात.

आता प्रश्न फॉक्सपी३ च्याच नियमनाचा. जो इतरांना आवरतो त्याला कोण उघडतो? या जनुकाच्या आसपास डीएनएचे काही तुकडे असे आहेत जे स्वतः प्रथिन बनवत नाहीत, पण उंदरात आणि माणसात जवळजवळ सारखे टिकून राहिले आहेत. अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटाने २०१० मध्ये सीएनएस१, सीएनएस२ आणि सीएनएस३ अशा नावांचे हे तुकडे एकेक करून उंदरातून काढून पाहिले. सीएनएस३ काढला तर थायमसमध्ये नियामक पेशी फार कमी बनतात. जनुक उघडण्याची सुरुवात तिथून होते. सीएनएस२ काढला तर पेशी बनतात, पण विभागत गेल्यावर आपली ओळख हरवून बसतात. या तुकड्यावरचे मिथाइल गट एकदा पुसले गेले की फॉक्सपी३ स्वतःच तिथे बसून स्वतःचे जनुक उघडे ठेवते, आणि पेशीच्या लेकी, नाती नियामकच राहतात. सीएनएस१ चे काम वेगळेच. थायमसबाहेर, आतड्यासारख्या ठिकाणी, टीजीएफ-बीटाच्या इशाऱ्यावरून साध्या टी पेशीपासून नियामक पेशी बनवायची असेल तेव्हा तो लागतो. हा तुकडा फक्त वार असलेल्या सस्तन प्राण्यांत सापडतो. तो नसलेल्या उंदरिणींचा वेगळ्या वंशाच्या नराशी संयोग झाला तर त्यांच्या पोटातील गर्भ जास्त प्रमाणात जिरून जातात. निम्मा परका असलेला जीव महिनोन्महिने पोटात वाढू देण्याच्या व्यवस्थेचा एक धागा जनुकाच्या या छोट्या तुकड्यात आहे. उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते.

फॉक्सपी३ केंद्रकात एकटे काम करत नाही, हेही सुरुवातीपासून ध्यानात ठेवावे. टी पेशीला बाहेरून इशारा मिळाला की पेशीतले कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते आणि एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढून त्याला केंद्रकात धाडते. तिथे एनफॅटला एपी-१ ची जोड मिळाली तर इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू होते. फॉक्सपी३ ची जोड मिळाली तर तेच जनुक दबते. भारतीय वंशाच्या अंजना राव यांच्या आणि इतर प्रयोगशाळांनी २००६ मध्ये हे मांडले. एकच तबलजी ख्यालाला बसतो आणि भजनालाही. हात तोच, पण साथ कोणाला आहे यावर ठेका बदलतो, तसे हे आहे. परिणाम असा, की नियामक पेशी स्वतः इंटरल्यूकिन-२ बनवत नाही, पण सीडी२५ च्या जोरावर ते भोवतालचे ओढून घेते आणि शेजारच्या आक्रमक पेशींना त्याची टंचाई भासते. सीटीएलए-४ या प्रथिनाने ती आणखी एक युक्ती करते : प्रतिजन दाखवणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचे चेतना देणारे रेणू ती अक्षरशः ओढून गिळते.

मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांच्या घरात सायक्लोस्पोरिन हे नाव परिचयाचे असते. नॉर्वेतील हार्डांगेरविड्डा पठाराच्या मातीतल्या बुरशीतून ते मिळाले. रॉय काल्न यांनी केंब्रिजमध्ये १९७८ मध्ये ते रोग्यांना देऊन पाहिले, आणि ते कॅल्सिन्युरिनला अडवते हे मात्र १९९१ मध्ये उलगडले. औषध आधी आणि त्याचे कारण नंतर, हा वैद्यकातला नेहमीचा क्रम. या औषधाने एनफॅट केंद्रकाबाहेर अडकते, आक्रमक पेशी थंडावतात आणि मूत्रपिंड टिकते. पण इंटरल्यूकिन-२ आटल्याने नियामक पेशींचीही उपासमार होते. आवर घालणाऱ्यांनाच उपाशी ठेवून शांतता राखायची, हा उपाय कामाचा असला तरी ओबडधोबड आहे, आणि गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागण्यामागचे हे एक कारण असावे. त्याला पर्याय शोधणाऱ्यांना फॉक्सपी३ मध्ये इतका रस का, हे यावरून लक्षात येईल.

या कामात पुण्याचाही वाटा आहे आणि तो सांगताना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे. गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि नंतर पाषाणच्या आयसरमध्ये संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी१ या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. डीएनएच्या धाग्याला केंद्रकात वेटोळी देऊन दूरची जनुके जवळ आणणारे हे प्रथिन टी पेशींत मुबलक असते. टीएच२ पेशी घडताना ते बीटा-कॅटेनिनला सोबत घेऊन गाटा३ च्या जनुकापाशी पोचते, हे त्यांनी २०१० मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी जर्मनीतील गटाच्या निबंधातून कळले की नियामक पेशीत फॉक्सपी३ सॅटबी१ ला दाबून ठेवते. ते पुन्हा वाढवले तर पेशी आवर घालायचे सोडून आक्रमक द्रव्ये सोडू लागते. गंमत म्हणजे २०१७ मध्ये साकागुचींच्या गटाला आढळले की थायमसमध्ये नियामक पेशी घडण्याच्या अगदी पहिल्या टप्प्यात हेच सॅटबी१ लागते. आधी हवे, मग नको. जनुक-नियमनात ‘अमुक प्रथिन चांगले की वाईट’ हा प्रश्नच फोल ठरतो. कोणत्या पेशीत आणि कोणत्या घटकेला, हे विचारावे लागते.

नवख्या वाचकाला माझी विनंती अशी, की पहिल्या वाचनात नावे पाठ करत बसू नये. प्रत्येक प्रयोगाला एवढेच विचारावे : काय काढले किंवा घातले, आणि काय बिघडले किंवा सुधारले? थायमस तिसऱ्या दिवशी काढले तर काय झाले, सीडी२५ च्या पेशी वगळल्या तर काय झाले, सीएनएस२ छाटला तर काय झाले. या विषयातले बहुतेक ज्ञान अशाच प्रयोगांतून आले आहे, आणि ही सवय लागली की अवघड निबंधही वाचता येतो. दुसरे, ‘संबंध आढळला’ आणि ‘यामुळे घडले’ या दोन विधानांत अंतर ठेवावे. एखाद्या आजारात नियामक पेशी कमी दिसल्या, याचा अर्थ आजार त्यामुळे झाला असा होत नाही.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरात फॉक्सपी३ असलेली टी पेशी ही जवळजवळ खात्रीने नियामक असते. माणसात साधी टी पेशीही चेतवल्यावर काही काळ फॉक्सपी३ बनवते, म्हणून खरी नियामक पेशी ओळखायला सीएनएस२ वरचे मिथाइल गट पुसले आहेत का, हे पाहणे जास्त भरवशाचे. या फरकाची किंमत कधीकधी फार मोठी पडते. टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड-औषध टी पेशींवरच्या सीडी२८ ला चेतवते. तशाच औषधाने प्रयोगातील उंदीरवर्गीय प्राण्यांत नियामक पेशी वाढत होत्या आणि माकडांना काही त्रास झाला नव्हता. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क येथे ते सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले, माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाने. दीड-दोन तासांत सगळ्यांच्या शरीरात सायटोकाइनांचा, म्हणजे गॅमा इंटरफेरॉनसारख्या द्रव्यांचा, लोंढा सुटला आणि अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, काहींना कायमची हानी सोसून. नंतर कळले की माकडांच्या ज्या स्मृती-पेशींवर सीडी२८ नसते, माणसाच्या तशाच पेशींवर ते असते. ‘नियामक पेशी वाढवणारे’ हे शब्द कुठल्याही औषधाच्या माहितीत दिसले की हा प्रसंग आठवावा.

कर्करोगात हाच प्रश्न उलटा होऊन येतो. तिथे नियामक पेशी गाठीभोवती जमतात आणि आक्रमक टी पेशींना हात आखडता घ्यायला लावतात. जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल ज्यासाठी मिळाले ती औषधे प्रतिकाराचे असे लगाम सोडतात, आणि म्हणूनच त्यांच्या दुष्परिणामांत आतड्याचा, थायरॉइडचा, यकृताचा दाह दिसतो. आयपेक्सचे वर्णन वाचलेल्याला ही यादी ओळखीची वाटेल. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रोग्याच्या टी पेशी काढून, त्यांत नवी ग्राही घालून, कर्करोगाच्या बी पेशी मारायला त्या परत सोडतात. तशीच ग्राही नियामक पेशीत घालून तिला नेमक्या अवयवाकडे पाठवता येईल का, यावर जगभर काम सुरू आहे. अडचण पुन्हा तीच, की दाह पेटलेल्या जागी पोचल्यावर पेशीने फॉक्सपी३ उघडे ठेवले पाहिजे. शेवटचे प्रकरण या प्रयत्नांवर आहे. त्यात आकृत्या जास्त आणि नावे त्याहून जास्त आहेत. आधी आकृत्या नीट पाहाव्यात, मजकूर सावकाश, हवे तर दुसऱ्या दिवशी वाचावा.